तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

सर, काल पडघ्याच्या सभेत मी पुन्हा तुमचाच प्रश्न विचारला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आलो तरी अंगातला जोर ओसरेना, म्हणून लिहायला बसलो. तो प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला ऐंशीच्या दशकात, तुमच्या वर्गात. दंतमंजनाच्या कंपनीचा माणूस आला होता. त्यानं प्रत्येकाच्या तोंडात बॅटरी मारली, सगळ्यांचे दात किडायला लागलेत असं जाहीर केलं आणि फुकट डब्या वाटल्या. तुम्ही म्हणालात, "साहेब, दात तपासणारे तुम्ही, मंजन विकणारेही तुम्ही. निदान एका तरी पोराचे दात चांगले निघू द्यायचे!" मग आमच्याकडे वळलात. "कोणी काही सिद्ध करून दाखवलं की आधी विचारा, खर्च कोणी केला?"

नव्वद सालानंतर तुम्हीच विसरायला लागलात. शेलार गावाच्या वाटेवर कापडाच्या एका लूमच्या कारखान्यासमोर, शाळा समजून, उभे राहून घंटा का झाली नाही म्हणून वॉचमनला दटावायचात. मला "आपण कोण?" विचारायचात. घरी काकू तुम्हाला सांभाळून थकल्या होत्या. तेवढ्यात स्मरणशक्तीच्या नव्या गोळीवर मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांचं व्याख्यान भिवंडीत ठरलं. काकू म्हणाल्या, "ऐकू या. पटलं तर उद्यापासूनच यांना सुरू करू."

हॉल गच्च भरलाय. पडद्यावर आलेख चढतोय, गोळी घेतलेल्यांची स्मृती कशी टिकली ते डॉक्टर सांगतायत. तुम्ही उभे राहता. "या अभ्यासाचा खर्च कोणी केला?" डॉक्टर हसतात. "छान प्रश्न. शेवटी घेऊ." तुम्ही बसता, विसरता, आणि जरा वेळानं पुन्हा उठता. तोच प्रश्न, तोच वर्गातला आवाज. हशा पिकतो. मागून एक कारखानदार म्हणतो, "अहो मास्तर, हो गया ना, बसा आता!" मी तुमची बाही ओढतो. तरी तुम्ही तिसऱ्यांदा उठता. डॉक्टर वैतागतात. "आजोबा, हे तुम्ही आत्ताच विचारलंत."

"असेल. उत्तर दिलंत का? मला आठवत नाही."

शेजारून काकू उठतात. "मला आठवतंय. नाही दिलं."

काय क्षण होता तो, सर! डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि कबूल केलं, खर्च कंपनीचा, आणि आपण तिचे पगारी सल्लागार. मघाचा कारखानदारच ओरडला, "मग हे पहले बोलायचं ना, साहेब!" आणि हॉल पेटला. लोक विचारू लागले, त्रास झाला म्हणून ज्यांनी गोळी मध्येच सोडली, ती माणसं आलेखात कुठायत? ज्यांना काहीच फरक पडला नाही, ती कुठायत? कंपनीनं पैसे देऊ नयेत असं मी म्हणत नाही, संशोधन हवेवर होत नाही. पण ज्यांच्या घरातलं माणूस रोज थोडं थोडं पुसलं जातंय, त्यांच्या आशेसमोर उभं राहताना आपण कोणाचं मीठ खातो ते पहिल्या वाक्यात सांगावं लागतं. हे मी गावोगाव छाती ठोकून सांगत आलोय.

काकूंनी गोळी सुरू केली नाही. "ज्याला यातून काही मिळत नाही, अशा डॉक्टरला विचारू," म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सभेत सांगत नाही. ती इथं, न टाकायच्या या पत्रात सांगतो. हॉलच्या दारात कंपनीचा माणूस त्या गोळीच्या नमुन्याची पाकिटं वाटत होता. काकूंनी आपलं पाकीट परत केलं. मी घेतलं. रिक्षात तुम्ही माझ्याकडे वळलात, हात जोडलेत आणि विचारलंत, "आपण कोण?" मी नाव सांगितलं, आणि खिशातलं ते पाकीट घरापर्यंत मुठीत घट्ट धरून ठेवलं.