दोन नाताळांमधला माग

१५ डिसेंबर १५८४, मंगळवार (आमची तारीख!)

कागदा, विसरलास ना आजची तारीख? तुझं तरी काय चुकलं! गल्लीच्या या बाजूला पंधरा, त्या बाजूला पंचवीस. पोपने नवं पंचांग काढून दहा दिवस गिळले आणि ढेकरही दिला नाही. आम्ही लूथरवाल्यांनी आमचे दहा दिवस सोडलेले नाहीत. मला अक्षर येत नाही, पण मंगळवार कळतो – तो अजून दोघांचा एकच आहे. नात बार्बेल लिहितेय. हसू नकोस गं, लिही.

आज समोरच्या पोपवाल्यांचा नाताळ. नगरसभेचा हुकूम – त्यांच्या सणाला कुणी काम करायचं नाही. माझा लेक लेन्हार्ट मागावर बसलाच. समोरच्या खिडकीतून वाल्बुर्गा ओरडली, "अगं अपोलोनिया, आज तरी ती खटखट थांबव! बाळ येशू उठेल की!" जन्मभर ती अशीच ओरडत आलीय. पण आज खाली शिपाई उभा होता.

लेन्हार्टला बुरुजातल्या कोठडीत नेलं.

१६ डिसेंबर

नवी तारीख मानतो अशी शपथ घेतली तर सोडतील. तो म्हणतो, "आज तारीख मानली, तर उद्या पोपही मानायला लावतील." हट्टी मेला! कुणावर गेलाय देव जाणे. (बार्बेल माझ्याकडे बघतेय.) पण बुरुजात भिंतींना बर्फ, आणि त्याच्या छातीत लहानपणापासून घरघर. तिथे तो हिवाळा काढणार नाही.

वाल्बुर्गाने खिडकी लावून घेतलीय.

१९ डिसेंबर

सुचलं! माग कुणाचा? नवरा गेल्यावर विणकर संघाने तो माझ्या नावावर केला. लेन्हार्ट माझा गडी. आणि गड्याच्या कामाला मालक जबाबदार – संघाचा जुना नियम! तडक कारकुनाकडे गेले. म्हटलं, "गुन्हा माझा, त्याला सोडा." तो हसला. "आजीबाई, घरी जा. तुम्हाला विणताना कुणी पाहिलंय?"

बरं. मंगळवारी पाहाल!

२२ डिसेंबर, मंगळवार

त्यांचं नवं वर्ष. दार सताड उघडं. मी मागावर. गुडघे कुरकुरताहेत, धोटा नाही. बार्बेल, माझी लोकरी शाल काढून ठेव.

शिपाई कोपऱ्यावर दिसतोय. समोरचं दारही उघडलं – वाल्बुर्गा! सणाच्या कपड्यांत! आता आणखी काय ओरडायचं राहिलंय हिचं?

२५ डिसेंबर, शुक्रवार. आमचा नाताळ.

बुरुजाच्या गजांतून सांगतेय. लेन्हार्ट सुटला, शपथेविना! त्याला चुलीपाशी बसव.

वाल्बुर्गा माझ्या शेजारी आहे. त्या दिवशी सरळ माझ्या घरात शिरली आणि धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली – स्वतःच्या सणाला! शिपायाला दोघींनाही आणावं लागलं. वाटेत म्हणाली, "माझ्या तोंडामुळे गेला गं तो." एवढंच. आता म्हणतेय, "सरक, सगळी शाल तूच घेतलीस!"

बार्बेल, मला हंसाची तंगडी पाठव. हिला शुक्रवारी मांस चालत नाही – हिला मासा. वेगळ्या भांड्यात. आणि मोठा बघून.