बारवेवरच्या पाटीची खालची ओळ

थांबा दादा, आता तुमी मधे बोलू नका. आठ वर्षं झाली, मी तुमचीच बाजू ऐकून राहिलो. तुमी पाण्यात गेला तेव्हापासून सारं गाव तुमच्या वतीनं बोलतं. माणूस काय हिमतीचा होता, असा मिस्त्री वारंगा फाट्यापासून औंढ्यापर्यंत झाला न्हाई. पोरगा म्हणून मी मान हलवायची. न्हाई हलवणार आता. कारण त्यांनी दगड आणलाय. बारवेच्या काठावर, येत्या नवरात्रात बसवायचाय, त्यावर तुमचं नाव आणि नावाखाली चार ओळी. त्या ओळींसाठी मला औरंगाबादहून बोलावून घेतलं. सरपंच म्हणाले, "तुझं कायबाय छापून येतं म्हणं. आमाला वाचून घंटा कळलं न्हाई, पण गावात लिव्हणारा तूच. लिव्ह, 'धाडसी कारागीर'. आन् खाली त्या बाळापूरच्या टेलरचं बी नाव टाक, बारीक अक्षरात. तोबी बिचारा गेलाच की तुझ्या बापासंगं."

बारीक अक्षरात. हे ऐकल्यापासून तीन दिवस ओसरीवर बसून मी कागद फाडून राहिलोय. माय विचारते, "काहून रं, चार ओळीला इतका वेळ?" तिला काय सांगू?

माणसं आत बसवून बारवेत सोडायचा तो डोल तुमी बनवला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, सुट्टीत घरी आलेलो. फाट्यावरच्या दुकानात तुमी इंजिनं आणि पंप दुरुस्त करायचा, आणि कुणाचा पंप अडकला की विहिरीत बुडी मारून व्हॉल्व काढायचा. पाण्याची तुमाला भीती नव्हतीच, तीच तर सगळी गडबड. बारवेच्या तळाला महादेवाचं जुनं देऊळ हाय हे गावात लेकरालाबी ठाऊक, पाहिलेलं मात्र कुणीच न्हाई. तुमी म्हणला, "मी दाखवतो. कपडे न भिजवता दाखवतो." जिनिंगच्या भंगारातून लोखंडी टाकं आणलं. त्याला ट्रकची काच बसवली, ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर कापून झाकणाला लावलं, हवेसाठी नळी आणि काठावर लोहाराचा भाता. झाकणाला आठ बोल्ट. नट आतल्या बाजूनं, म्हणजे आत बसून तुमीच पान्यानं आवळायचे. आणि साखळीची कडी झाकणालाच. साखळीला झाकण लटकायचं, झाकणाला टाकं आणि टाक्यात दोन माणसं. सारा भार त्या आठ नटांवर.

हायस्कूलचे सायन्सचे मास्तर सायकल टेकवून बराच वेळ बघत उभे होते. म्हणाले, "मिस्त्री, आधी माणूस घालू नका. दगड भरून बुडवा, दिवसभर खाली ठेवा, कुठून पाणी शिरतं ते बघा."

तुमी हसला. "मास्तर, तुमी पुस्तकातलं सांगून राहिले. मी पाण्यातलं सांगतो."

"पाणी पुस्तकापरमानंच वागतं, मिस्त्री."

"मंग पुस्तकालाच बसवा की आत! भाडं बी घेत न्हाई त्याचं."

सगळे हसले. मीबी हसलो. मास्तर सायकलवर बसून निघून गेले. तुमी टाक्यावर नारळ फोडला, कुंकू लावलं, आणि झाली तपासणी.

आणि चाललं ना ते, हाच तर घात. नवरात्राचे पहिले आठ दिवस बराबर चाललं. लोक खाली जायचे, वर यायचे, आणि प्रत्येकजण सांगायचा, शिखर दिसलं. एका म्हातारीला तर आत दिवा दिसला. दोन वर्षांनी दुष्काळात बारव तळापर्यंत आटली तेव्हा मी उतरून पाहिलं, दादा. गाळ होता, ढासळलेल्या पायऱ्यांचे दगड होते आणि बैलगाडीचं एक मोडकं चाक. देऊळ न्हाई. तुमी तर रोज जात होता खाली. तुमाला ठाऊक होतं का? हे मला आजपर्यंत कुणी सांगू शकलं न्हाई.

मग खंडेनवमी. सकाळ हाय, माय हत्यारं धुऊन देते आणि तुमी एकेक पाटावर मांडताय. हातोडा, करवत, छिन्नी आणि सगळ्यात पुढं झाकणाचा तो मोठा पाना. हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा पुजलं की दिवसभर हत्याराला हात लावायचा न्हाई, ही आपल्या घरातली रीत आजाच्याही आधीची. ती मोडा असं मी म्हणत न्हाई. मी विचारतो, मग डोल काहून सोडला खाली त्या दिवशी? हत्याराला सुट्टी द्यायची आणि हत्याराचं काम चालूच ठेवायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? पण जत्रा त्या दिवशी सगळ्यात मोठी. बारवेवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि बायाबापड्या सकाळपासून तुमच्या नावानं रांग लावून उभ्या.

साखळीवरच्या गड्यानं विचारलं होतं तुमाला. मी तिथंच होतो, भात्यापाशी. "मिस्त्री, पाना ऱ्हायला की घरी."

तुमी टाक्यात उभे, कमरेपर्यंत बाहेर. उजवा हात वर केला, बोटं उघडमीट केली. "आज त्याला हात लावायचा न्हाई. हा काय कमी हाय?"

दुकानात तुमीच शिकवायचा, नट आधी बोटानं फिरवायचा, मग पान्यानं आवळायचा, बोटाचं आवळणं म्हणजे निम्मं काम. त्या दिवशी निम्मं काम करून तुमी दुसऱ्या माणसाला संगं घेऊन गेला. दोन फेऱ्या निभावल्या. तिसऱ्या फेरीला तो टेलर. वजनानं टाकं खाली ओढलं गेलं, झाकण वर ऱ्हायलं, मधे फट पडली. आमाला काठावर एवढंच कळलं की साखळी जड झाली. आधी चार गडी ओढत होते, मग दहा, मग मी भाता सोडून धावलो. भाता सोडायला नको होता, हेबी मला कुणी सांगितलं न्हाई, पण तोवर टाकं पाण्यानं भरलं होतं, भात्याच्या हवेचे नुसते बुडबुडे वर येत होते. वर काढलं तेव्हा तीन नट नुसते बोटानं फिरले. पंचनाम्यात लिहिलं, अपघात. घरी पाना तसाच पाटावर, झेंडूखाली.

काल त्या टेलरची बायको आली. बाळापूरला आता तीच त्याची मशीन चालवते. पाणी दिलं तर घेतलं न्हाई, उंबऱ्याबाहेरच बसली. म्हणाली, "भाऊ, दगडावर तुमी लिव्हणार हाय म्हणं. खरं लिव्हा."

"काय खरं, ताई?"

"मीच बसवलं त्यायला. ते नको म्हणत होते, म्हणे लोखंडाचं हाय, बुडंल. त्यायला वाचता येत न्हवतं. मी चौथी शिकलेली. मी बारवेवरची पाटी वाचून दाखवली, 'भीती नाही, धोका नाही, आत बसून देव पाहा.' म्हणलं, अहो, लिव्हलंय नं. लिव्हलेलं कुणी खोटं लिव्हील का?" मग म्हणाली, "आजून काही होतं का हो पाटीवर? मी तेवढंच वाचलं."

मी म्हणालो, आठवत न्हाई.

आठवतं, दादा. पाटी मी रंगवली होती. आज मी वाक्यं मोडतो, स्वल्पविराम फेकून देतो, अनियतकालिकात कविता छापून येतात आणि मित्र पाठ थोपटतात. पण माझं पहिलं छापील म्हणावं असं लिखाण ते, निळ्या ऑइलपेंटमधे, आणि ते वाचून माणूस मेला. खाली अजून एक ओळ होती, 'बसणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर बसावे.' ती बोटाएवढ्या अक्षरात. इतकी वर्षं मी ती तुमच्या खात्यावर टाकत आलो. पण तुमी काय म्हणला होता? रंगाचा डबा धरून उभे होता, म्हणला, "खालची बी वरच्याएवढीच काढ. माणसाला कळलं पाहिजे तो कशात बसून राहिला." आणि मी, कॉलेजात जाणारा, म्हणालो, "शोभत न्हाई दादा. लोक बिचकतात. बारीक काढतो." तुमी जरा वेळ पाटीकडं बघितलं. मग म्हणला, "तुला कळतं त्यातलं." मास्तरांचं ऐकलं न्हाई आणि माझं ऐकलं! उलटं करायचं होतं ना.

आणि तुमी रोज आत बसायचा. मला विचारलं होतं, "येतो का बघाया?" मी म्हणालो, पँट नवी हाय.

तर कागदावर तीनच ओळी लिहिल्या. पहिलीत तुमचं नाव आणि नट हातानं आवळले होते एवढंच. दुसरीत त्याचं नाव. तिसरीत, पाटी मिस्त्रीच्या मुलानं लिहिली. 'धाडसी' लिहिलं न्हाई. खाली पाथरवटासाठी सूचना टाकली, तिन्ही ओळी एकाच मापाच्या काढाव्यात. कागद ओसरीवर पान्याखाली दाबून ठेवलाय. हा दुसरा कागद, तुमाला लिहिलेला, माझ्या खिशात हाय आणि तो तिथंच राहील.

सरपंच दहाला येतो म्हणालेत, ती बाई बी येणार हाय. माझी बस साडेनऊची हाय, दादा. मी निघतो.