माळावरची सावली

अब्बा, माळावरची तुमची झाडं गेल्या वर्षी तोडली. मला विचारलं होतं आणि मी तोडा म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल.

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आपलं पंक्चरचं दुकान लासुर्ण्याच्या रस्त्याला होतं तिथंच आहे. कंप्रेसर नवा घेतला, पाण्याचं घमेलं मात्र तुमचंच. अम्मी खुरपणीहून त्या माळावरून चालत येताना ऊन लागून गेली, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तुम्ही सुबाभळीची रोपं आणलीत. कुणी विचारलं की सांगायचात, "एवढ्या माळावर एक झाड न्हाय. माणसानं टेकायचं कुठं?" अम्मीचं नाव काढायचा नाहीत. मीही काढलं नाही. दहावीत गचकून मी दुकानावर बसलो होतो. दुपारी शटर अर्धं ओढून, सायकलला पाण्याचे कॅन अडकवून आपण निघायचो. फाटका टायर रोपाभोवती ठेवायचा, त्याच्यात माती दाबायची, म्हणजे पाणी वाहून जात नाही.

चिंकारे लांब उभे राहून हे बघायचे. मोठा कळप असा त्यांचा नसतोच. एखादं, फार तर दोन-तीन. एकदा मी जवळून बघायला धावलो, तर शिंकल्यासारखा आवाज करून ते उधळलं. तुम्ही मला दंडाला धरून खाली बसवता. "पळतुयास काय येड्यासारखा? हरण जरा लांब गेलं की थांबतंय आन् मागं वळून बघतंय. तवर आपुन बसून घ्यायचं. बसल्याल्या माणसाला ते भीत न्हाय." ते खरंच थांबतं, वळून बघतं. मग तुम्ही खिशातली बोरं माझ्या हातावर ठेवता आणि म्हणता, "ह्येंचं बी डोकं तापत आसंल की. झाडं वाढू दे, सावलीला येतील."

झाडं वाढली. सुबाभळच ती, तिला काय सांगावं लागतं. शेंगा तडकत गेल्या आणि सगळा माळ तिनं गिळला. खालचं गवत गेलं, हरणं दिसेनाशी झाली. शेवटच्या आजारपणातही तुम्ही म्हणत होतात, "झाडं आजून ल्हान हायत. येतील." ग्रामसभेत वनखात्याच्या मॅडम बोलल्या ते ऐकायला तुम्ही नव्हतात, हे बरं झालं. चिंकाऱ्याला मोकळं रान लागतं म्हणाल्या. लांडगा लांबून दिसला तर तो पळून वाचतो. दाट झाडीत लांडगा दबा धरून बसतो. पाणी चिंकाऱ्याला बरंचसं पाल्यातून मिळतं आणि उन्हाला एखाद्या बोरीचा आडोसा पुरतो. म्हणजे आपण कॅनवर कॅन ओतून त्यांच्यासाठी सावली वाढवत होतो आणि ते त्या सावलीलाच भिऊन निघून गेले.

मॅडमनी झाडं काढायचं सुचवलं, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरपंच म्हणाले, "तुझ्या बापानं लावल्याली हायत. तू न्हाय म्हनलास तर आमी हात लावत न्हाय." तोडा म्हणालो. चहा आला, तो घेतला. तोडायच्या दिवशी जेसीबीचा आवाज दुकानापर्यंत येत होता. मी ट्रॅक्टरच्या ट्यूबला ठिगळ लावत होतो, ते नीट बसलं.

यंदा गवत आलं. परवा अंथुर्ण्याला जाताना मी गाडी उभी केली. आपले टायर अजून तिथं पडलेत. एका टायरात जुन्या लेंड्यांवर ताज्या लेंड्यांचा ढीग होता. चिंकारा पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकतो, हे तुम्हीच दाखवलं होतं. पुढं गवतात मादी होती. मला बघून उधळली. मी खाली बसलो. ती थांबली आणि तिनं मागं वळून पाहिलं. तुम्हाला हवं होतं ते झालं, अब्बा, पण तुमची झाडं गेल्यावर झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मी पँटला चिकटलेली कुसळं काढत बसलो आणि मग गाडीला किक मारली.

हे कबरीपाशी बसून वाचावं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता वाचणार नाही. घडी करून दुकानात सोल्युशनच्या डब्याखाली ठेवीन. तुम्ही गेलात त्या पावसाळ्यात मी तुमच्या उशाला कडुनिंब लावला, टायर ठेवला, रोज पाणी घातलं. आता तो चांगला मोठा झालाय, दुपारभर तुमच्यावर सावली असते. ती तुम्हाला हवी होती का, हे मीही विचारलं नव्हतं.