एकीसाठी लिहिलं, पाच जणांनी वाचलं

वॉलरू,
शनिवार, ऑगस्टचा तिसरा आठवडा

तीर्थरूप मर्ल आत्या हिच्या पायांशी (उजव्या गुडघ्याला धक्का न लावता) जेगोचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की करते म्हणून डॉक्टरांना नुसतं सांगतेस? कोंबड्या अंडी देतायत ना? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. मॅगपाय पक्ष्यांनी यंदा लवकरच लोकांच्या डोक्यावर झडपा घालायला सुरुवात केली आहे, त्यामुळे पोस्टात जाताना डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा घालून जावं लागतं. मी तो घालून हे पत्र टाकायला जाणार आहे, एवढ्यावरून तुझ्यावरची माझी माया ओळख. फोन का केला नाही, असं तू विचारशील. एक म्हणजे तू फोनवर बोलत नाहीस, ओरडतेस. दुसरं म्हणजे गोष्ट लांबलचक आहे आणि मधेच कुणी हसलं की माझं डोकं फिरतं, हे तुला माहीत आहे. ईमेल तर तू वाचत नाहीसच, आणि वाचत असतीस तरी उपयोग नव्हता, कारण ग्लेनिसबाईंनी मला सोमवारपर्यंत कुठल्याही कळफलकाला बोट लावायची बंदी केली आहे. म्हणून हे पत्र वजनकाट्याच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर लिहितो आहे. पुढच्या बाजूला जो गहू दिसेल त्याच्याशी आपला संबंध नाही.

ग्लेनिसबाई म्हणजे माझ्या मालकीणबाई. गव्हाचे ट्रक ज्या काट्यांवर तोलले जातात त्या काट्यांचे प्रोग्राम आम्ही लिहितो. आम्ही म्हणजे पाच जण: स्वतः बाई, साठीचा क्लेम, जो निम्मा वेळ खेकडे धरायला धक्क्यावर असतो, ब्रॉडी, जो काटे बसवत गावोगाव हिंडतो आणि आपण देखणे आहोत असं त्याला वाटतं (आहे, पण इतका नाही), मी, आणि टॅम्सिन. टॅम्सिनबद्दल मी काही लिहिणार नाही. तिचे केस तांबूस आहेत, ती विचार करताना पेन्सिलीचं टोक दातात धरते, आणि माझ्या प्रोग्राममधली चूक दाखवताना ‘इथे बघ रे’ असं इतक्या हळू म्हणते की माणसाने मुद्दाम चुका कराव्यात. बाकी तिच्याबद्दल काहीच लिहिणार नाही.

आमच्याकडे चहाच्या खोलीत, फ्रिजमागच्या कपाटात, एक सर्व्हर आहे. आम्ही प्रोग्राममध्ये जी जी दुरुस्ती करतो ती कुणी केली, कधी केली, आधी काय होतं, हे सगळं ते मशीन जन्मभर जपून ठेवतं. (थोडक्यात, तुझ्यासारखं.) कामाच्या दृष्टीने प्रत्येकाने तिथे आपलं लिखाण ठेवावं आणि दुसऱ्याचं घ्यावं, एवढंच पुरे. पण आमच्याकडे पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला आत शिरून हवे ते हुकूम सोडायची मोकळीक होती. तुमच्या महिला मंडळाच्या हॉलचंच उदाहरण घे. जेवणाची ताटं द्यायला-घ्यायला भिंतीत खिडकी आहे, पण म्हणून तू कुणाला स्वयंपाकघरात येऊन झाकणं उघडू देतेस का? आमच्याकडे सगळे झाकणं उघडत होते. क्लेमने तिथे खेकड्यांचे अकराशे फोटो ठेवले होते. आणि टॅम्सिनने तिथे फुटबॉलच्या टिप्सची यादी ठेवली होती. दर शुक्रवारी सामना सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने आत शिरून कोण जिंकणार ते लिहायचं. ज्याचं राहिलं त्याला पाहुणे संघ मिळणार, रडायचं नाही.

तर झालं असं, की एका मोठ्या गिऱ्हाइकाने करार करण्याआधी प्रश्नांचा कागद पाठवला. त्यात एक प्रश्न होता: तुमच्या सर्व्हरवर आत शिरून हुकूम कोण सोडू शकतं? बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘सगळे.’ गिऱ्हाइकाचा एका ओळीचा जबाब आला आणि बाई माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, “जेगो, शुक्रवारपर्यंत सगळ्यांची आत शिरायची वाट बंद कर. नुसती खिडकी ठेव. आणि टिप्सचं काय करायचं ते टॅम्सिनला विचारून कर.”

मी टॅम्सिनला विचारलं नाही. का, ते ऐक. सर्व्हरची देखरेख माझ्याकडे असल्याने मला दिसायचं, की दर गुरुवारी ब्रॉडी कुठल्या तरी आडगावातून सर्व्हरवर शिरतो आणि टॅम्सिनच्या कप्प्यात एक चिठ्ठी ठेवून जातो. ती चिठ्ठी मी कधी वाचली नाही. माझ्या हातात होतं, पण आपल्या घराण्यात तसं नाही. मी फक्त तिची लांबी पाहिली. दोनशे चौदा अक्षरं. आत्या, दोनशे चौदा अक्षरांत माणूस काय काय लिहू शकतो, हे मी आठवडाभर मोजून पाहिलं. लग्नाची मागणी घालून वर तारीखही ठरवता येते.

तेव्हा मी गुरुवारी दुपारी, टॅम्सिन क्लेमबरोबर धक्क्यावर गेली असताना, कामाला बसलो. नेहमीच्या शेलच्या (म्हणजे दाराशी बसून हुकूम ऐकणाऱ्या प्रोग्रामच्या) जागी खिडकीपुरता शेल लावायचा, की झालं. माणूस आत शिरायला गेला तर मशीन नकार देतं. त्या नकाराच्या वेळी काय पाटी दाखवायची, ते प्रत्येकाच्या कप्प्यात वेगळं लिहून ठेवता येतं. (ही सोय ज्याने केली त्याला कधी प्रेमात पडावं लागलं नसावं.) ब्रॉडीसाठी मी जे लिहिलं ते तुला सांगण्यासारखं नाही. बाईंसाठी आदराने लिहिलं, क्लेमसाठी मोठ्या अक्षरांत. आणि टॅम्सिनच्या कप्प्यात बसून, दोन वाजून चाळीस मिनिटांनी, लिहिलं ते असं: “या दाराने तुला आत येता येणार नाही. दुसरं एक दार वर्षभरापासून उघडं आहे, ते तुला अजून दिसलेलं नाही. जेगो.” तिचं नाव घातलं नाही, कारण तेवढं धैर्य झालं नाही.

मग डोकं थंड झाल्यावर वाटलं, ब्रॉडीचं जरा जास्तच झालं, सरळ सगळ्यांना एकच साधी पाटी देऊ. साधी पाटी माझ्या कप्प्यात तयार होती. ती सगळ्यांच्या कप्प्यांत टाकायचा हुकूम मी सोडला. पण आत्या, मी तेव्हा माझ्या कप्प्यात नव्हतोच. मी अजून टॅम्सिनच्याच कप्प्यात होतो.

हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं असतं. आमच्या धंद्यात एक नियम आहे: कुलूप बदलल्यावर नवी किल्ली लागते का, हे पाहिल्याशिवाय जुन्या दारातून बाहेर पडायचं नाही. तो नियम मीच सगळ्यांना सांगत असतो. पण तेवढ्यात टॅम्सिन परत आली आणि चहाच्या खोलीतून तिचं हसणं ऐकू आलं. फोनवर ब्रॉडी होता. माझं डोकं सणकलं, मी लॅपटॉप धाडकन मिटला आणि घरी गेलो. ज्यांच्यासाठी वाट बंद करायची होती त्या यादीत माझंही नाव होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शुक्रवारी नऊ वाजता टिप्स लिहायला पहिल्यांदा ग्लेनिसबाई बसल्या. त्यांनी पाटी मोठ्याने वाचली. दोनदा. मग चष्मा काढून म्हणाल्या, “जेगो, तुला पगारवाढ हवी असेल तर सरळ माग.” पाठोपाठ क्लेम आला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला (हाताला खेकड्यांचा वास होता) आणि हळूच म्हणाला, “पोरा, मला तुझ्याबद्दल आदर आहे. पण माझं लग्न होऊन अडतीस वर्षं झाली.” ब्रॉडीचा आडगावातून निरोप आला, ‘भावना पोचल्या. विचार करून कळवतो.’ मी पाटी पुसायला धावलो, तर मशीनने मलाही तेच सांगितलं. म्हणजे मीच मला लिहिलेलं प्रेमपत्र मी सगळ्यांदेखत वाचत बसलो. प्रत्येकाला वाटत होतं की हे खास आपल्यासाठी आहे. एकट्या टॅम्सिनला वाटलं, की हे सगळ्यांसाठी आहे. ती खळखळून हसली आणि म्हणाली, “फार छान पाटी आहे रे. पण टिप्स कुठे लिहायच्या?”

आत शिरायचा आता एकच मार्ग उरला होता. बाहेरून मोठ्या मालकीच्या, म्हणजे सगळे कप्पे उघडणाऱ्या किल्लीने यायची वाट मी महिन्यापूर्वीच बंद केली होती (आणि त्याबद्दल बाईंकडून शाबासकी घेतली होती), तेव्हा थेट मशीनलाच पडदा आणि कळफलक जोडायचा. त्या किल्लीचा परवलीचा शब्द बाईंकडे बिस्किटांच्या डब्यात होता. पण मशीन इतकं जुनं, की त्याची वायर कुठल्याच पडद्याला लागेना. तशी वायर शेजारच्या कडीना गावात, चर्चवाल्या जुन्या सामानाच्या दुकानात मिळेल, असं क्लेम म्हणाला, आणि ते दुकान बाराला बंद व्हायचं. टॅम्सिनने गाडीची किल्ली उचलली. “चल. तू चालवू नकोस, आज एवढं बंद पाडलंस ते पुरे.”

वाटेत तिने विचारलं, “खरं सांग, ती पाटी कुणासाठी होती?”

आत्या, एवढी संधी! रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं, गाडीत आम्ही दोघंच. आणि मी म्हणालो, “सर्वांसाठी. सुरक्षेचं धोरण आहे.”

“बरं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने तिनेच सांगितलं, की ब्रॉडी दर गुरुवारी चिठ्ठीत विचारतो की तू कुठला संघ घेणार, म्हणजे तोच मी घेतो. दोनशे चौदा अक्षरं त्यात जातात, कारण त्याला नऊही सामन्यांबद्दल विचारायचं असतं.

वायर मिळाली. परत येऊन टॅम्सिन स्वतःच कपाटात, फ्रिज आणि भिंतीच्या मधे, मांडी घालून बसली. पाट्या पुसायला घेतल्या आणि थांबली. आमच्या धंद्यात कुठली प्रत मूळची आणि कुठली उतरवून घेतलेली, हे लपत नाही. प्रत्येक कागदावर वेळ असते. बाईंच्या कप्प्यातली पाटी तीन वाजून पाच मिनिटांची. क्लेमची तीन-पाच. ब्रॉडीची तीन-पाच. माझी तीन-पाच. तिने स्वतःची पाहिली. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

“दोन-चाळीस,” ती म्हणाली.

मी फ्रिजला टेकून उभा होतो. फ्रिज सरकला.

मग तिने पडद्याकडे तोंड फिरवलं. सगळ्यांच्या पाट्या पुसल्या, माझी वाट उघडून दिली, आणि टिप्सची यादीही खिडकीतूनच ठेवायची-घ्यायची केली, प्रोग्रामसारखी. त्यामुळे आता कुणी कधी काय बदललं ते सगळ्यांना दिसतं. (क्लेम इतकी वर्षं सामना सुरू झाल्यावर टिप्स बदलत होता, असा मला दाट संशय आहे. काल संध्याकाळी तो सारखा उसासे टाकत होता.) सामन्याच्या वीस मिनिटं आधी सगळ्यांच्या टिप्स पोचल्या. गिऱ्हाइकाला बाईंनी लिहिलं, ‘आता कुणीच शिरू शकत नाही, याची आम्ही स्वतः खात्री करून घेतली आहे.’ मला सोमवारपर्यंत बंदी. टॅम्सिन नमस्कार-चमत्कारापलीकडे बोललेली नाही. मलाही त्याचं काही नाही. प्रेम वगैरे मी सोडून दिलं आहे. माणसाने कामात लक्ष घालावं.

थंडी आहे, गुडघ्याला जप.

तुझा,
जेगो

ता. क. सप्टेंबरच्या दहा तारखेपासून पंधरा दिवस टॅम्सिनला तुमच्या पोर्ट लिंकनला काटे बसवायच्या कामावर जायचं आहे. तिथली मोटेलं ट्यूना मासे धरणाऱ्यांनी भरलेली असतात. तुझ्याकडची मागची खोली रिकामीच आहे. तू स्वतःहून तिला बोलावलं आहेस, असं मी तिला काल गाडीत सांगून बसलो आहे. तेव्हा तू स्वतःहून बोलाव.

ता. क. दुसरा. तिचा समज आहे की मी कॉलेज पूर्ण केलं. म्हणजे मीच तसं सांगितलं होतं. ॲडलेडच्या मास्तरांशी भांडून मी दुसऱ्या वर्षी दार आपटून निघालो, आणि परत जाऊन ते दार उघडायची लाज वाटली, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तिने विचारलं तर विषय पावसाकडे वळव.

ता. क. तिसरा, रविवार. पाकीट अजून चिकटवलेलं नाही. पावसाकडे वळवू नकोस. आज धक्क्यावर जाऊन मीच तिला सगळं सांगितलं, कॉलेजचं आणि दोन-चाळीसचंही. कॉलेजबद्दल म्हणाली, “माहीत आहे. नोकरीच्या अर्जात तूच ‘अपूर्ण’ लिहिलं होतंस. मी वर्षभर वाट बघतेय, हा किती दिवस रेटतो म्हणून.” दोन-चाळीसचं ऐकून ती जाळं ओढायला लागली. जाळं वर आल्यावर म्हणाली, की लिंकनला काट्याचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल, ब्रॉडीला वेळ नाही, बाईंना ती विचारेल, आणि गाडी मात्र तीच चालवेल.

तर खोली तिला दे. मला व्हरांडा चालेल.