वालाचं बिरडं, चार वर्षांनी

रेवदंडा, रविवार संध्याकाळ

आज वालाचं बिरडं खाल्लं. चार वर्षांनी. पोट अजून शांत आहे, लिहितानाही खरं वाटत नाही.

पचनाच्या गोळ्या म्हणजे आळशी पोटांचे चोचले, असं सभांतून गरजत आलो तो मीच. अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी वालासाठी लिहून दिलेली पाचक एन्झाइमची गोळी महिनाभर खणात पडून होती. आज सुमनने ती ताटाशेजारी ठेवली. भिजलेले वाल सोलून तिची बोटं सुरकुतली होती. मी गोळी हातात घेतली आणि औषधांच्या बाजारावर बोलत सुटलो.

"अहो, ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची आहे, भाषणाबरोबर नाही," ती म्हणाली. "सभा आटपा, बिरडं गार होतंय."

घेतली. जेवलो. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा कुठे उमगलं. माझं पोट फुगतं म्हणून हिनेही चार वर्षं बिरडं खाल्लं नव्हतं. एका शब्दाने बोलली नाही. मी तत्त्व मिरवलं ते कुणाच्या जिवावर?

ती सुरकुतलेली बोटं डोळ्यांसमोरून जात नाहीत. पुढच्या खेपेला वाल मी सोलणार. तोंड बंद ठेवून.