पाळण्यामागचं भांडं

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारचं सूप तसंच पडलंय.

थिआने बोलावलं म्हणून गेलो. लेकीने बोलावलं तर जावंच लागतं. कंपनीचं ऑफिस पांढरंशुभ्र. सोफा पांढरा, फुलं पांढरी, आणि तिथल्या माणसाचे दात तर विचारूच नका. बहिरा मी, समोर बसलोय मी, आणि हा पठ्ठ्या बोलतोय दुभाषी मुलीकडे बघून — "त्यांना सांगा, आमची दुरुस्ती अगदी सुरक्षित असते."

दुरुस्ती! मी काय गळका नळ आहे?

थिआचे आणि गॅरेटचे तीन गर्भ त्यांनी गोठवून ठेवलेत. थिआ तिच्या आईसारखी जन्मापासून बहिरी. जावई ऐकणारा, पण त्याच्याही रक्तात बहिरेपणाचा अर्धा वाटा लपलेला निघाला. तिन्ही गर्भ बहिरे. माझ्या मते विषय संपला, केक कापा! पण नाही. हे लोक त्यातला एक घेणार, आत काहीतरी कापणार, जोडणार आणि ऐकणारं मूल हातात देणार. इथे कायदा आडवा येतो, म्हणून काम कुठल्याशा बेटावर. नेमकं कुठे कापायचं ते कळायला म्हणे आजी-आजोबांचंही रक्त हवं. बायकोचं, म्हणजे लेनोरचं, आणि माझं.

लेनोरने मुकाट्याने बाही वर केली. मी 'नाही' म्हणालो. असं 'नाही' म्हणालो की दुभाषी मुलीने ते निम्मंच सांगितलं असावं, कारण त्या माणसाचे दात दिसतच राहिले.

४ फेब्रुवारी

त्यांचं माहितीपत्रक वाचलं. चाळीस वर्षं वर्तमानपत्राच्या छापखान्यात काढली, कागदाला हात लावला की किंमत कळते. जाड, महाग, छपाई एक नंबर. पान सहावर यादी — आम्ही काय काय काढून टाकू शकतो. एक आजार, ज्यात मूल दोन वर्षांच्या आत जातं. त्याखाली बहिरेपणा. त्याखाली दुसरा आजार, त्यातही मूल जातंच. दोन मढ्यांच्या मधे मला झोपवलंय!

कचऱ्यात टाकलं. लेनोरने बाहेर काढलं, पुसलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिचं हेच — बोलत काही नाही, पुसून ठेवते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बहिऱ्यांच्या क्लबात तळलेला मासा. मी दिवा दोनदा घालवला-लावला, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे आले, मग खुर्चीवर उभा राहून सगळं सांगितलं. पान सहा, दात, बेट, सगळं. हात दुखेपर्यंत बोललो. लोक लाल झाले. एका म्हातारीने तर मासा बशीत परत ठेवला.

"म्हणजे मूल आता यादीवरून मागवायचं?" ती म्हणाली. "सोफ्यासारखं?"

"सोफा परत तरी करता येतो!" मी म्हणालो. टाळ्या — म्हणजे सगळे हात हवेत.

ऑरिन म्हणाला, "आमच्या घराण्यात पाच पिढ्या बहिऱ्या. त्यांना म्हणावं माझं रक्त घ्या, बादलीभर देतो, उलटी दुरुस्ती करा, अख्खं रॉचेस्टर शहर बहिरं करू!" लोक हसून हसून टेबलं बडवायला लागले. जमीन हलत होती. मला नाही हसू आलं. ऑरिनला कधी काय बोलावं ते कळत नाही. पन्नास वर्षांचा मित्र आहे म्हणून सोडून दिलं.

निघताना दारात नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या दीड तास गप्पा. मी लवकर सटकलो.

८ फेब्रुवारी

बर्फ. कोणी आलं नाही. बरं झालं.

१० फेब्रुवारी

कंपनीचं पत्र. "शनिवारी सकाळी येऊ शकाल का?" वर हसरा चेहरा छापलाय. नाही येऊ शकणार!

सकाळपासून शाळा आठवतेय. मला दुरुस्त करायला निघालेलं पहिलं माणूस म्हणजे तिथली बाई. हात मांडीखाली दाबून बसायचं. ओठांसमोर पीस धरायची — 'प' म्हणताना पीस हललं पाहिजे. नाही हललं की बोटं तोंडात घालून जीभ दाबायची. त्या बोटांना सिगारेटचा वास. साठ वर्षं झाली, आजही कोणी तोंडाजवळ बोट आणलं की ओकारी येते. आणि आई घरी पीस घेऊन तयारच. ती ऐकणारी, सगळं घर ऐकणारं. दीड वर्षाचा असताना मला ताप आला. त्याआधी म्हणे कुत्रं भुंकलं की मी वळून बघायचो. हे ती मरेपर्यंत सांगत राहिली, जणू खरा मुलगा तो होता आणि हा नंतर कोणीतरी आणून ठेवला.

ही माणसं तेच करताहेत. फरक इतकाच की यांची बोटं मूल जन्मायच्या आधीच आत जातात. स्वच्छ धुतलेली असतात, हे खरं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

थिआ आली. एकटीच. मी दिवाणखान्यात बसवत होतो, ती सरळ स्वयंपाकघरात गेली — उजेड तिथे चांगला. भांडायचं असलं की उजेड लागतो.

"क्लबात खुर्चीवर चढून माझ्या पोटाची जाहिरात केलीस?"

"पोटाची नाही. कंपनीची."

"तुला बहिरं नातवंड हवं, त्यांना ऐकणारं गिऱ्हाईक हवं. माझं मूल मधे कुठे आहे, बाबा?"

मी पान सहाचं सांगायला लागलो. तिने माझे हात धरले. आमच्यात हे करत नाहीत. एखाद्याचे हात धरणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं. मला शाळेचीच आठवण आली. पण मग तिने सोडले आणि जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मागच्या वर्षी बाळ गेलं तेव्हा हॉस्पिटलात नऊ तास दुभाषी आला नाही. गॅरेट विमानात होता. लोक येत होते, तोंडं हलवत होते, जात होते. शेवटी एका नर्सने कागदी टॉवेलवर लिहिलं — बाळ नाही. स्पेलिंग चुकलं होतं, म्हणाली.

"असं एकटं माझ्या पोराने पडू नये. एवढंच. त्यासाठी मी बेटावर जाईन, नाहीतर चंद्रावर."

"मग हॉस्पिटल दुरुस्त करा ना! मूल कशाला?"

"तू कर हॉस्पिटल दुरुस्त. मी चौतीसची आहे."

कॉफी केली. ती जरा निवळली. मग म्हणाली, "ती भांड्याची गोष्ट सांग."

ती लहानपणापासून ऐकत आलीय. ती चार दिवसांची होती. मी मोठं पातेलं आणि डाव घेऊन पाळण्यामागे गेलो आणि जीव खाऊन बडवलं. शेजारचे धावत आले. ती मात्र झोपलेली, पापणीसुद्धा हलली नाही. मी पातेलं डोक्यावर घालून घरभर नाचलो. क्लबाने केक कापला. प्रत्येक वाढदिवसाला हीच गोष्ट, आणि ऑरिन प्रत्येक वाढदिवसाला टेबलावर डाव आपटून दाखवणार.

आज गोष्ट संपल्यावर तिने विचारलं, "आणि मी दचकले असते तर?"

"तर काय?"

"तर नाचला असतास?"

"नाचलोच असतो! वेडी आहेस का. जे येईल ते आपलं."

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. बहिऱ्या माणसाला चेहऱ्याने फसवणं सोपं नाही. मी तिच्याहून जुना बहिरा आहे.

१४ फेब्रुवारी

लेनोर भांडी पुसता पुसता म्हणाली, "रक्त दे, नाहीतर देऊ नकोस. पण भाषण देऊ नकोस."

दिवसभर पाठ फिरवून होती. आमच्यात पाठ फिरवली की बोलणं बंद. कंपनीत गेलो नाही.

१७ फेब्रुवारी

दचकली असती तर.

१९ फेब्रुवारी

कंपनीचा माणूस स्वतः फोनवर आला, चित्रासकट, शेजारी तीच दुभाषी मुलगी. आता रक्त नको, नुसती थुंकी चालेल! घरी डबी पाठवू, त्यात थुंका आणि पोस्टात टाका. यांच्या तोंडावर थुंकायला साठ वर्षं थांबलो, आणि आता हेच मागताहेत! दिवा घालवून टाकला. अंधारात दिसेनासा झालो की तो काय बोलणार.

लेनोरने विचारलं, "कोण होतं?" म्हटलं, चुकीचा नंबर.

२२ फेब्रुवारी, रविवार

थिआ आणि गॅरेट जेवायला आले. गॅरेटची खुणांची भाषा अजूनही जाडीभरडी, पण आज त्यानेच सुरुवात केली — "आम्ही ठरवलं. बेट नाही."

मला वाटलं चुकीचं वाचलं. थिआने पुन्हा सांगितलं. तीन गर्भांतला एक, जसा आहे तसा, मार्चमध्ये पोटात ठेवणार. हॉस्पिटलशी भांडायला वकील बघितलाय. पत्रक फाडलं. जाड होतं म्हणून फाटेना, म्हणाली, गॅरेटने कात्री आणली.

मी जिंकलो होतो. उठून नाचायला हवं होतं. मी बटाटे वाढत राहिलो.

जाताना थिआ दारात, दोन्ही हातांत स्वतःचा कोट धरून उभी राहिली. मग कोट गॅरेटकडे दिला, हात मोकळे केले. "भांड्याच्या गोष्टीने ठरलं, बाबा. तू मला निवडलं नव्हतंस. आले तशी घेतलंस. ऐकणारी निघाले असते तरी घेतलं असतंस. मलाही माझं मूल तसंच घ्यायचंय."

लेनोर आत निघून गेली.

२३ फेब्रुवारी

इथे तरी लिहितो.

तापाने बहिरा झालेल्याकडे पोराला द्यायला बहिरेपण नसतं. लेनोरच्या एकटीच्या वाट्याने भागत नाही; माझं मूल ऐकणारं झालं असतं. माझ्यात दुसरं काही कमी नव्हतं. मला ते मूल नको होतं. कुत्रं भुंकल्यावर वळून बघणारं, माझ्या आईचं लाडकं. म्हणून सगळी घराणी तपासली, पाच पिढ्यांचं सगळ्यात खात्रीचं निघालं, आणि मी ऑरिनकडे बीज मागितलं. लेनोर तेव्हाही काही बोलली नाही. थिआला माहीत नाही. थेंबभर रक्ताने तिला कळलं असतं.

पातेलं मी आनंदाने बडवलं नव्हतं. मागवलं तेच आलंय ना, ते तपासत होतो.