पद्मजाबाईंचा तिसरा पेला

रोहा,
६ डिसेंबर १९९५

ती. सौ. नम्रतावहिनीस,
प्रतिक्षाचा शि. सा. न. वि. वि.

मी इकडे मजेत आहे. दादाने पाठवलेली सुकट पोचली. माझ्या खोलीत राहणाऱ्या अनन्याने पहिल्या दिवशी नाकाला ओढणी लावली आणि दुसऱ्या दिवशी तीच सुकट भाकरीबरोबर मागून खाल्ली. ती आमच्याच कंपनीच्या लॅबमध्ये आहे, म्हणजे शिकलेली आहे, पण सुधारेल.

मोठी बातमी अशी की मी लिहिलेला ओव्हरटाइमचा प्रोग्रॅम चालू झाला. पूर्वी पगाराच्या दिवशी जादा तासांवरून खिडकीशी भांडणं व्हायची. या खेपेला सगळे आपापली चिठ्ठी घेऊन हसत गेले. कॉम्प्युटर रूममध्ये मी एकटीच मुलगी, पण कुठं अडलं की आता मलाच हाक मारतात. आईला सांग, तिची पोर मशीन मोडत नाही, चालवते.

आता पुढचं मनात वाच. नेहमीसारखी ओटीवर मोठ्यानं वाचत असशील तर इथेच थांब आणि अक्षर लागत नाही म्हणून सांग.

वहिनी, आमची कॉम्प्युटर रूम कारखान्याच्या पार मागच्या गोडाऊनमध्ये आहे. बायकांचा संडास गेटजवळ, ऑफिसच्या मागे. मधे टँकर उभे असतात, ड्रायव्हर, हमाल, वर्कशॉपची माणसं असतात. मी निघाले की सगळ्यांना कळतं कुठे निघाले. म्हणून मी कामावर पाणीच पीत नाही. त्यापायी दोनदा लघवीची आग होऊन ताप आला, डॉक्टर रागावले. साहेबांनी चौकशी केली तेव्हा मला शब्दच उच्चारवेना. म्हटलं, एसीची थंडी सोसत नाही. साहेब भला माणूस, माझ्या काळजीनं त्यांनी ठरवून टाकलं की फेब्रुवारीपासून मी टेलिफोन बोर्डावर बसायचं. तिथे एसी नाही, काम हलकं. माझ्या मशीनवर दुसरा येणार. मी मान हलवली, खोलीवर आले आणि खूप रडले. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला गं.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
प्रतिक्षा


पेण,
१३ डिसेंबर १९९५

चि. प्रतिक्षास,
नम्रताचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर लागत नाही म्हटल्यावर आई म्हणाल्या की कॉम्प्युटर शिकून पोरीचं अक्षर पार बिघडलं गो. तुझ्यापायी मला त्यांच्याशी खोटं बोलावं लागलं, हे लक्षात ठेव.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला. अगं वेडे, मी लग्न होऊन आले तेव्हा मिठागरावर माझंही हेच झालं. उघडं आगर, ना झाड ना झुडूप. दिवसभर तोंड कोरडं ठेवून काम केलं. आईंनी ओळखलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायांनी मला मधे घेतलं, बांधाआड नेलं, दोघींनी लुगडं ताणून धरलं आणि बाकीच्या मोठमोठ्यानं गाणी म्हणत उभ्या राहिल्या. आई म्हणाल्या, एकलीनं जायचं तर लाज, पाचजणींनी जायचं तर रीत. तेव्हापासून माझी लाज गेली ती आजतागायत परत आली नाही, तुझ्या दादाला विचार.

साहेबांना खरं सांग. एकटीला जमत नसेल तर बाकीच्या बाया गोळा कर. संक्रांत तोंडावर आहे. त्या गोडाऊनच्या दाराशीच हळदीकुंकू करा आणि साहेबांच्या बायकोला मानानं बोलवा. कोकम सरबत मी पाठवते. आग्रह कसा करायचा हे आपल्या घरातल्या मुलीला शिकवायला नको. पुढचं देव करील, नाहीतर सरबत करील.

पाणी पी. ही आज्ञा समज.

तुझी वहिनी,
नम्रता


रोहा,
४ जानेवारी १९९६

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं डोकं चुलीपुढे फुकट चाललंय. मी बायकांशी बोलले. झाडलोट करणाऱ्या बायजाबाई, कँटीनची हौसा, बोर्डावरच्या बाई, सगळ्यांची तीच तऱ्हा. बायजाबाई म्हणाल्या की त्या तर सकालचा चायपन घेत नाय. आणि अनन्या! इतके दिवस एका खोलीत राहून आम्ही दोघी एकमेकींपासून तहान लपवत होतो. त्या रात्री इतक्या हसलो की मालकीणबाईंनी दार वाजवलं.

साहेबांनी हळदीकुंकवाला आनंदानं होकार दिला. सरबत वडखळला एसटीच्या ड्रायव्हरकडे दे, तो ओळखीचा आहे.

तुझी भित्री नणंद,
प्रतिक्षा


रोहा,
२२ जानेवारी १९९६

ती. सौ. वहिनीस,
साष्टांग, आणि खरोखरचा साष्टांग.

शनिवारी हळदीकुंकू झालं. साहेबांच्या मिसेस पद्मजाबाई काळी चंद्रकळा नेसून आल्या. स्वभावानं मोकळ्या. पहिला पेला त्यांनी वाखाणला. दुसरा मी आग्रहानं दिला. हौसा म्हणाली, नाव घेतल्याशिवाय सुटका नाय. त्यांनी झोकात उखाणा घेतला, मग त्याचं बक्षीस म्हणून तिसरा पेला. थोड्या वेळानं त्या माझ्या कानाशी लागल्या.

आम्ही सगळ्या त्यांच्यासोबत निघालो. टँकर ओलांडले, वर्कशॉप ओलांडलं. साहेबांची बायको बघून ड्रायव्हर बिड्या विझवत बाजूला झाले. वाटेत त्यांनी विचारलं की रोज एवढं चालता का. नुसतं हो म्हणून सुटता आलं असतं. पण पाठीशी बाया होत्या. मी म्हटलं, नाही बाई, आम्ही चालत नाही, आम्ही तहानेल्या राहतो. मग सगळं सांगितलं, आग, ताप, एसीची थाप, टेलिफोन बोर्ड. संडास हा शब्द मी भर टँकरांमध्ये मोठ्यानं उच्चारला आणि आभाळ कोसळलं नाही. पद्मजाबाई उभ्याच राहिल्या. परत येताना त्यांनी एवढंच विचारलं की हे आमच्या ह्यांना माहीत आहे का. मी म्हटलं, त्यांना या वाटेनं जायची वेळ कधी आली नसेल.

आज सकाळी साहेब आले, कान लाल. थंडीचं खोटं का सांगितलंस म्हणून विचारलं. मी म्हटलं, चुकलं, पण मला बोर्ड नको, माझं मशीन हवं. ते म्हणाले की मशीन तुझंच आहे आणि चूक एकटी तुझी नाही. आमच्या शेजारच्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरल्या आहेत, ती रिकामी करून तिथे बायकांचा संडास बांधायला त्यांनी लगेच माणसं लावली. बायजाबाईंच्या मते रविवारी साहेबांना घरी जेवण उशिरा मिळालं.

मी फार फार खूश आहे, वहिनी.

तुझी, आता तुझ्याइतकीच निर्लज्ज,
प्रतिक्षा


पेण,
३० जानेवारी १९९६

चि. प्रतिक्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं हे पत्र मी ओटीवर मोठ्यानं वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. तुझा दादा मधेच म्हशीचं निमित्त करून पळाला. आई म्हणतात, सायबाची बायको गुनाची हाय, तिला आमसुलं धाडा. पाठवत आहे. माझं डोकं चुलीपुढे फुकट चाललंय असं लिहिलंस, तेवढं दादाला पुन्हा एकदा लिहून कळव.

सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, जपून राहा.

नम्रता


रोहा,
१८ एप्रिल १९९६

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

आमसुलं पोचली, पद्मजाबाईंनी निरोप पाठवला की आता कितीही पेले चालतील.

कंपनीनं कॉम्प्युटरसाठी आणखी दोन मुली घेतल्या. पूर्वी मुलींचे अर्ज आले की बायकांची सोय नाही म्हणून बाजूला पडायचे. आता ते कारणच उरलं नाही. साहेबांनी मुलाखतीला मलाही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसवलं. मी तुझी निळी साडी नेसले होते.

निडी गावची शकू नावाची मुलगी आली. एप्रिलचं ऊन, ओठ सुकलेले. मी पाण्याचा पेला पुढे केला. ती म्हणाली, नको मॅडम, तहान नाय. वहिनी, ती तहान माझ्या ओळखीची होती. साहेब शेजारी बसलेले असतानाच मी तिला सांगितलं की संडास इथे शेजारीच आहे, कडी आतून लागते, खुशाल पी. तिनं दचकून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पाण्याचा जग उचलून तिच्याजवळ ठेवला.

ती घटाघटा प्याली, तोंड पुसलं आणि पेला पुन्हा पुढे केला.

आईला नमस्कार, दादाला चिमटा.

तुझी, पोटभर पाणी पिणारी,
प्रतिक्षा